हा ओरखडा कधी पडला?

धातूवर पडलेला एकच ओरखडा एका पद्धतीच्या छपाईत कागदावर पांढरा उमटतो आणि दुसऱ्या पद्धतीत रंगीत. जुन्या टपाल तिकिटांवरचे छपाईदोष ओळखायला शिकायचं असेल, तर सुरुवात इथून करावी असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. किमतीपासून नको, आणि लिलावांच्या बातम्यांपासून तर मुळीच नको.

उठावाच्या छपाईत, म्हणजे ज्याला आपण लेटरप्रेस म्हणतो त्यात, शाई लागते ती वर आलेल्या भागाला. त्या भागाला कशाची तरी धार लागली, टवका उडाला, की तेवढी जागा खाली जाते. तिला शाई लागत नाही आणि कागदावर पांढरी रेघ राहते. फोटोग्राव्ह्यूरमध्ये सगळं उलट. तिथे तांब्याच्या सिलिंडरवर असंख्य बारीक खड्डे असतात, टाकी लावलेल्या जात्यावर असतात तसे, आणि शाई त्या खड्ड्यांत बसते. वरची जास्तीची शाई एक लांब, पातळ पोलादी पातं निपटून काढतं. अशा सिलिंडरवर ओरखडा पडला की तो एक नवा खड्डाच झाला. त्यात शाई साचते आणि कागदावर रंगीत रेघ येते.

म्हणून तिकिटावर रेघ दिसली की आधी विचारायचं, हे छापलं कसं? लेटरप्रेसने छापलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर चौकटीला छेदणारी पांढरी रेघ असेल, तर तो छापाच्या पत्र्यावरचा घाव असू शकतो. तशीच पांढरी रेघ फोटोग्राव्ह्यूरने छापलेल्या १९५२ च्या कबीराच्या तिकिटावर असेल, तर सिलिंडरचा ओरखडा हे कारण बसत नाही. तिथे बहुधा छापताना कागदाला चुणी पडलेली असते. चुणीच्या पोटात शाई पोचत नाही, आणि कागद पुढे कधीतरी ताणला गेला की आतला कोरा पट्टा उघडा पडतो. हळूच भिंगातून पाहिलं तर चुणीच्या दोन्ही काठांवर चित्र अचानक तुटलेलं दिसतं, आणि दोन्ही काठ मनातल्या मनात जवळ आणले तर चित्र जुळतं. हे जुळताना पाहणं मला अजूनही फार आवडतं.

आपल्याकडच्या तिकिटांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो राजाराणींचा न राहता यंत्रांचा होतो. १८५२ साली बार्टल फ्रेअर यांनी सिंध प्रांतापुरती तिकिटं काढली, ती नुसती कागदावर दाबून उठवलेली होती. संपूर्ण देशाची तिकिटं आली १८५४ मध्ये, आणि ती कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, जिथे नकाशे छापायचे तिथे, कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली दगडावर छापली गेली. दोन आण्याचं हिरवं तिकीट तेवढं टांकसाळीत उठावाच्या पद्धतीने झालं. १८५५ पासून काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेलं आणि जवळपास सत्तर वर्षं तिथेच राहिलं. मग नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून आपली तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यातून फोटोग्राव्ह्यूरने छापून आणली. १ ऑक्टोबर १९५२ ला निघालेल्या संतकवींच्या मालिकेपासून, म्हणजे कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांच्या तिकिटांपासून, नाशिकनेच फोटोग्राव्ह्यूर हाती घेतलं.

भुसावळहून मुंबईला जाताना नाशिकरोड लागतं. १९२६ नंतर आमच्या तालुक्यांतल्या पोस्टांत विकलं गेलेलं बहुतेक प्रत्येक तिकीट त्या गावात जन्मलं आणि याच रुळांवरून इकडे आलं. त्यामुळे नाशिकच्या तिकिटावरचा दोष पाहताना तो मला कुठल्या तरी दूरच्या देशातला वाटत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या एखाद्या कामगाराच्या पाळीत पातं नीट बसलं नव्हतं, एवढंच ते सांगत असतं.

छपाईची पद्धत ओळखायला फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दिवसाचा उजेड आणि सवय. लेटरप्रेसमध्ये दाबामुळे शाई रेषेच्या काठाकडे सरकते, म्हणून रेषेच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद असतात. तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात धरलं तर मागे किंचित उठावही जाणवतो. दगडावरच्या छपाईत शाई सपाट, सगळीकडे सारखी. फोटोग्राव्ह्यूरमध्ये अक्षरांच्या कडासुद्धा बारीक दाण्यांच्या बनलेल्या, जरा मऊ. हे तिन्ही प्रकार एकदा डोळ्यात बसले की पुढचं अर्धं काम झालं. आणि ते बसवण्यासाठी महागडी तिकिटं लागत नाहीत. लेटरप्रेसचं जॉर्ज पंचमचं एक आण्याचं, फोटोग्राव्ह्यूरचं मीराबाईचं आणि सपाट छपाईचं १९४७ चं जयहिंदचं तिकीट शेजारी शेजारी ठेवून संध्याकाळभर पाहावं.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षाही मोलाचा वाटतो. हे कधी झालं? छापखान्यात की नंतर?

खानदेशात जुनी तिकिटं मिळतात ती मुख्यतः पेढ्यांच्या पत्रव्यवहारातून. पारोळा, धरणगाव, चोपडा, अमळनेर इथल्या कापसाच्या, तेलाच्या, भुसाराच्या पेढ्यांना मुंबईहून, सुरतेहून, इंदूरहून रोज भाव कळवणारी पत्रं यायची. वाचून झालेलं पत्र तारेच्या आकड्यात टोचायचं ही रीत. वर्षाचा आकडा भरला की माळ्यावर. त्यामुळे इकडच्या पाकिटांना आणि पोस्टकार्डांना मधोमध भोक असतं आणि कधी कधी ते नेमकं तिकिटातून गेलेलं असतं. भोकाभोवती गंजाचा तपकिरी कडा. हा दोष नंतरचा, हे सांगायला भिंग लागत नाही. पण त्याच भोकाजवळ तारेच्या घर्षणाने शाई खरवडली गेली असेल तर मात्र पंचाईत होते, कारण ती कोरी जागा छपाईत राहिलेल्या कोऱ्या जागेची नक्कल करते. अशा वेळी कागदाचे तंतू बघावेत. छापतानाच शाई लागली नसेल तर कागदाचा पृष्ठभाग गुळगुळीत, अखंड असतो. खरवडलं असेल तर तंतू उभे राहिलेले दिसतात.

आमच्या हवेचंही वेगळंच आहे. कोकणातल्या संग्राहकाला बुरशीचे तपकिरी ठिपके छळतात. इथल्या कोरड्या हवेत ते कमी. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा तिकिटामागचा डिंक आकसतो आणि तिकीट डिंकाच्या बाजूला वळून नळी होते. ती नळी कोणी घाईने सरळ करायला गेलं की डिंकाबरोबर कागदालाही तडा जातो, आणि समोरून तो तडा चित्रातून जाणारी बारीक पांढरी रेघ म्हणून दिसतो. पुन्हा तीच पांढरी रेघ! आणि पाऊस लागला की हाच डिंक ओलावा धरतो, एकावर एक ठेवलेली तिकिटं चिकटतात. ओढून सोडवली की खालच्या तिकिटावरचा रंग वरच्याच्या पाठीवर जातो. मग खालचं तिकीट 'रंग सुटलेलं' म्हणून बाजारात येतं आणि वरचं 'दोन्ही बाजूंनी छापलेलं' म्हणून.

पाठीवर उमटलेल्या छपाईबद्दल इथेच सांगून टाकतो. पाठीवरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं असेल आणि तिकीट असं चिकटून सुटलेलं नसेल, तर ताज्या छापलेल्या तावावर दुसरा ताव ठेवल्यामुळे ओली शाई लागलेली आहे. हा प्रकार छापखान्यातलाच, पण नेहमीचा. अक्षरं सरळ वाचता येत असतील तर तो कागद खरोखर दुसऱ्या बाजूनेही छापला गेला आहे, आणि ते फार क्वचित घडतं. हे दोन्ही एकच समजून पैसे मोजणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून जरा जोर देऊन लिहितो.

रंगाच्या बाबतीत तर शंभर कारणं. दुकानाच्या काचेखाली वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या तिकिटाचा पिवळा आधी उडतो आणि हिरवं तिकीट निळं दिसू लागतं. काही लाल, नारिंगी शाया हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळपट तपकिरी होतात. इकडच्या पत्रांवर आणखी एक रंग सापडतो, तो हळदीचा. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर पत्रांच्या गठ्ठ्यालाही हळदकुंकू वाहिलेलं असतं. ती हळद कधी तिकिटाच्या कोपऱ्यावर पसरते, आणि कोणी तिकीट साबणाच्या पाण्यात सोडवलं तर ती लालसर होते. मला असलं तिकीट दाखवायला आणलं की मी ते टाकून द्या म्हणत नाही. रंगाची चूक म्हणून त्याला अर्थ नाही, पण त्या पेढीवरच्या दिवाळीची ती खूण आहे. ते पाकिटासकट जपावं.

या सगळ्यातून गाळून जे उरतं ते छापखान्यातलं. त्यातही पुन्हा दोन जाती आहेत आणि जाणकार माणूस त्यांना कधी मिसळत नाही. काही दोष एकदाच घडतात. शाई कमी पडली, कागद सरकला, एखादा केस किंवा धूलिकण मध्ये आला आणि पुढच्या तावाला निघून गेला. पात्याखाली खडा अडकला तर सिलिंडरच्या फिरण्याच्या दिशेने रंगीत रेघ उमटते, पुढे पुढे बारीक होते आणि खडा सुटला की नाहीशी होते. असे दोष सुंदर दिसतात, पण त्यांच्याबद्दल 'घडलं' एवढंच म्हणता येतं. दुसरी जात ठशावरच्या, पत्र्यावरच्या, सिलिंडरवरच्या कायमच्या दोषांची. तो दोष प्रत्येक तावावर त्याच जागच्या तिकिटावर येत राहतो, कोणाच्या तरी लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंत. चौकटीचा तुटलेला कोपरा, अंकाला चिकटलेला ठिपका, पागोट्यावरचा जास्तीचा टिंब.

मला वेड आहे ते या दुसऱ्या जातीचं. कारण तो सिद्ध करता येतो. एका तिकिटावर ठिपका दिसला तर तो काहीही असू शकतो. तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच, दुसऱ्या गावाचा शिक्का असलेल्या दुसऱ्या तिकिटावर सापडला, की तो छापखान्यातूनच निघाला होता हे पक्कं. एक अमळनेरच्या पाकिटावर आणि जोड नागपूरच्या पोस्टकार्डाबरोबर आलेल्या गठ्ठ्यात. या जोडीचा आनंद कोणत्याही किमतीच्या तिकिटाने मला दिलेला नाही. चोपड्याच्या आठवडे बाजारात एक रद्दीवाले आहेत; मी त्यांच्याकडून कोपरा गेलेलं, चुरगळलेलं तिकीट वेचून घेतो तेव्हा ते काळजीने म्हणतात, "भाऊ, ते फाटेल शे, ते काय लेतस?" ते फाटलेलं असलं तरी ज्या बाजूला दोष आहे ती बाजू शाबूत असते. पुराव्याला तेवढं पुरतं.

दगडावर छापलेली १८५४ ची तिकिटं या अभ्यासाची खाण आहेत. मूळ ठशावरून पातळ कागदावर छाप घ्यायचे आणि ते एकेक करून दगडावर उतरवायचे. प्रत्येक छाप उतरताना काहीतरी होणारच. कुठे कागद मुडपला, कुठे रेषा तुटली, कुठे कारागिराने हाताने दुरुस्ती केली. त्यामुळे तावावरचं प्रत्येक तिकीट शेजारच्याहून किंचित वेगळं, आणि सुटं तिकीट हातात घेऊन ते तावावर कितव्या ओळीत होतं हे सांगता येतं. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी लाल छापायचं होतं. इंग्लंडहून आलेला शेंदरी रंग संपला, इथल्या रंगाने दगडावरचं चित्र खराब होऊ लागलं, आणि तिकीट निळं झालं. म्हणजे देशभर गेलेल्या पहिल्या तिकिटाचा रंगच मुळी छापखान्यातल्या अडचणीने ठरवला.

चार आण्याचं त्या मालिकेतलं तिकीट दोन रंगांचं होतं, लाल चौकट आणि आत निळं राणीचं डोकं. दोन रंग म्हणजे ताव यंत्राखालून दोनदा जाणार. पहिल्या वेळी चौकट, दुसऱ्या वेळी डोकं. मधल्या वेळात ताव उलटा फिरवून ठेवला गेला तर त्यावरची सगळीच्या सगळी तिकिटं उलट्या डोक्याची. तसं झालं. आज त्यांच्या मोजक्या प्रती जगात माहीत आहेत, आणि बहुरंगी तिकिटांमधल्या उलट छपाईचं हे जगातल्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. अमेरिकेच्या विमान उलटं छापलेल्या तिकिटाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, ते तिकीट १९१८ चं. आपलं त्याच्या चौसष्ट वर्षं आधीचं! हे आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अक्षरांच्या चुका शोधायला सोप्या, म्हणून मुलांना मी तिथून सुरुवात करून देतो. जॉर्ज पंचमच्या दीड आण्याच्या चॉकलेटी तिकिटावर १९१९ मध्ये इंग्रजीत 'वन अँड अ हाफ ॲना' असं एकवचनी छापलं गेलं. १९२१ च्या तिकिटावर शेवटी 'एस' जोडून ते 'ॲनाज' झालं. त्याच १९२१ साली एक आण्याच्या तिकिटावर 'नाईन पाईज' असा ठसा मारून नवी किंमत दिली. वरच्या ओळीत नाईन, खालच्या ओळीत पाईज. त्यात काही तिकिटांवर 'नाईन नाईन' आलं आणि काहींवर 'पाईज पाईज'. संस्थानांच्या तिकिटांवर तर असल्या चुका भरपूर. ग्वाल्हेर, चंबा, पतियाळा अशी काही संस्थानं ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर आपलं नाव छापून वापरत, आणि ती तिकिटं संस्थानाबाहेर, इंग्रजी मुलखात जाणाऱ्या पत्रांनाही चालत. चंब्याच्या नावात 'ए' आणि 'एम' यांची अदलाबदल झालेली तिकिटं आहेत. ग्वाल्हेरच्या नावात 'ओ'च्या जागी 'सी' पडलेली आहेत. ग्वाल्हेर आणि माळव्याशी खानदेशचा व्यापार जुना, आग्रा रोड धुळ्यावरूनच जातो. तेव्हा जुन्या गठ्ठ्यात ग्वाल्हेरचं तिकीट आलं की अक्षर न् अक्षर वाचावं.

मात्र याच प्रकारात नकली माल सर्वांत जास्त. खऱ्या जुन्या तिकिटावर खोटा ठसा मारणं तिकीट छापण्यापेक्षा सोपं असतं. शिक्का आणि ठसा एकमेकांवर येत असतील तिथे भिंग लावून बघावं, कोणती शाई कशाच्या वर आहे. टपालाचा शिक्का खाली आणि किंमत बदलणारा ठसा त्याच्या वर, हे कसं होईल? तिकीट वापरून झाल्यावर त्याची किंमत कोण बदलतं! तसंच बिनछिद्री तिकिटांचं. रुंद कडा असलेल्या तिकिटाचे दाते कात्रीने उडवले की ते 'छिद्र पाडायचं राहिलेलं' म्हणून विकता येतं. म्हणून सुटं घ्यायचं नाही, जोडीच घ्यायची; दोन तिकिटांच्या मधल्या जागेत छिद्रं नसली तरच विश्वास ठेवायचा. एका प्रदर्शनात शाळकरी मुलाला त्याच्या साठवलेल्या पैशांत असं कात्री लावलेलं तिकीट विकताना मी पाहिलं. त्या मुलाचा चेहरा आठवला की मला आजही राग येतो. या लेखातला निम्मा मजकूर मी त्याच्यासारख्यांसाठी लिहितो आहे.

आता ज्या चुकीवर माझा सर्वांत जास्त जीव आहे तिच्याकडे येतो. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताची पहिली नेहमीच्या वापराची मालिका निघाली. देशभरची शिल्पं आणि वास्तू त्यात होत्या. तीन पैचं तिकीट अजिंठ्याचं. जळगावपासून साठेक किलोमीटरवरचं, म्हणून ते आम्हाला घरचंच. त्याच मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती आणि ती उलटी छापली गेली. उलटी म्हणजे खाली डोकं वर पाय नव्हे. आरशातल्यासारखी, डाव्याची उजवी. बोधिसत्त्वाने पुढे केलेला हात डावा दिसत होता. १५ जुलै १९५० ला दुरुस्त तिकीट आलं, त्यात हात उजवा.

या चुकीत यंत्राचा काही दोष नव्हता. शाई नीट, छिद्रं नीट, कागद नीट. चित्र तयार करणाऱ्यांच्या टेबलावर बाजू पालटली आणि ती नंतर कुणाच्याही नजरेला खटकली नाही. जवळपास अकरा महिने देशभरातल्या पोस्टांतून ते तिकीट विकलं गेलं. त्यामुळे ते दुर्मीळ नाही, थोडक्या पैशांत मिळतं, आणि म्हणूनच बरेच संग्राहक त्याच्याकडे बघत नाहीत. मला हे पटत नाही. कमी नग छापले गेले म्हणून चूक मोठी आणि जास्त छापले गेले म्हणून छोटी, हा व्यापाऱ्याचा हिशेब झाला. १९६२ साली अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या तिकिटावरचा पिवळा रंग उलटा पडला, तेव्हा तिथल्या टपालखात्याने मुद्दाम तसलीच लाखो तिकिटं छापून त्याची किंमत शून्यावर आणली. पण पहिला ताव उलटा कसा गेला, हा अभ्यासाचा प्रश्न त्याने पुसला गेला नाही. बोधिसत्त्वाचंही तेच. मूर्तीचा हात कोणता, हे मूर्ती माहीत असलेल्यालाच कळणार. चूक ओळखायला बरोबर काय ते आधी ठाऊक असावं लागतं, आणि या तिकिटाइतकं ते दुसऱ्या कुठल्या तिकिटाने मला शिकवलं नाही.

शिवाय स्वस्त असल्यामुळे त्याचा एक अभ्यास करता येतो, जो दुर्मीळ तिकिटाचा कधीच करता येत नाही. दुरुस्त तिकीट आलं त्या दिवशी गावोगावच्या पोस्टांतले डाव्या हाताचे ताव काही संपलेले नव्हते. मग ते कुठे किती काळ विकले जात राहिले? मोठ्या पोस्टात नवा साठा लवकर येणार. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखेत जुना ताव महिनोन्‌महिने पुरणार. शिक्क्यावरची गावं आणि तारखा जमवत गेलं, तर टपालाचा साठा खानदेशात कोणत्या वाटेने आणि किती वेगाने फिरत होता, याचा नकाशा हळूहळू तयार होतो. जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव यांचे जुलै १९५० नंतरचे शिक्के डाव्या हाताच्या बोधिसत्त्वावर मला मिळालेले आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे शेवटी धुळ्यात होते. १९२६ च्या डिसेंबरअखेर ते तिथेच गेले, आणि त्यांच्या नावाची संशोधन संस्था धुळ्यात आजही आहे. गावोगावची दप्तरं त्यांनी पायपीट करून मिळवली आणि मूळ कागदावाचून काही बोलायचं नाही हा हट्ट धरला. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव तिकिटांच्या लेखात आणताना संकोच वाटतो. पण आमच्या भागात जुन्या कागदाला किंमत द्यायची शिकवण त्यांच्यापासूनच आलेली आहे, आणि तिकीट हाही मूळ कागदच आहे, तारखेसकट.

म्हणूनच पाकिटावरून तिकीट कापून किंवा भिजवून काढू नये. लहानपणी आम्हा सगळ्यांना तेच शिकवलं होतं, कोमट पाण्याची वाटी आणि टिपकागद. त्या वाट्यांमध्ये किती गावांच्या तारखा विरघळल्या असतील! सुट्या तिकिटावर शिक्क्याचा पाव भाग येतो, 'भुसा' दिसतं आणि वर्ष जातं. पाकिटावर पूर्ण शिक्का असतो, मागे पोचल्याचा दुसरा असतो, आणि रेल्वेत छाटणी झाली असेल तर तिसराही. एखाद्या कायमच्या दोषाचं तिकीट अशा पाकिटावर मिळालं, तर निदान त्या तारखेच्या आधी तो दोष ठशावर पडलेला होता, हे सांगता येतं. आणखी पाकिटं मिळत गेली की ती तारीख मागे सरकत जाते. ओरखडा कधी पडला याचं उत्तर असं गाठत जाता येतं, आणि तेही छापखान्याच्या नोंदी न बघता.

डाव्या हाताच्या बोधिसत्त्वासाठी तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या वरच्या बाजूचं, म्हणजे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथल्या शिक्क्याचं एकही पाकीट मला अजून मिळालेलं नाही. नंदुरबार जिल्ह्यात कुणाच्या घरी त्या काळची पत्रं असतील तर एक आण्याच्या तिकिटांवरचा हात आधी बघा. डावा असेल आणि तारीख १५ जुलै १९५० नंतरची असेल, तर तिकिटाला हात न लावता पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि मागच्या बाजूचा शिक्का कितीही पुसट असला तरी तो फोटोत येऊ द्या.